शहराखालचं शेत

पुण्यातल्या बाणेर, वाकड किंवा कोंढव्याच्या एखाद्या गृहसंकुलाचा पत्ता सावकाश वाचून पाहा. सोसायटीचं नाव असतं, इमारतीचं अक्षर असतं, सदनिकेचा क्रमांक असतो, आणि मधेच 'स. नं. ४५/२/१' असे काही आकडे असतात. घरपोच सामान आणणाऱ्याला त्यांचा उपयोग नाही, राहणाऱ्यालाही बहुधा नाही. तरी अख्ख्या पत्त्यातली सर्वांत जुनी गोष्ट तीच आहे. तो नंबर एका शेताचा आहे. ४५ हा आकडा त्या शेताला इंग्रजी अमदानीतल्या मोजणीत मिळाला. पुढे कधीतरी वाटणी झाली आणि एका भावाच्या वाट्याला ४५/२ आलं. त्याच्या मुलांत पुन्हा वाटणी झाली आणि ४५/२/१ झालं. बाजरी गेली, विहीर बुजली, बारा मजली इमारत उभी राहिली. आणि एका शेतकरी कुटुंबाच्या वाटण्यांचा इतिहास तिच्या पत्त्यात तसाच राहिला.

शहराच्या कडेला मोकळ्या जमिनीवर बांधकाम सुरू झालं की आपण म्हणतो, 'इथे काहीच नव्हतं हो, नुसता माळ होता.' पण त्या माळावर खूप काही असतं. बांध असतात, गाडीवाटा असतात, पावसाळ्यापुरता वाहणारा ओढा असतो, दोन गावांमधली शीव असते आणि शिवेवर शेंदूर लावलेला म्हसोबा असतो. खाली माती, मुरूम आणि कातळ यांचे थर असतात. शहर येतं ते या सगळ्यावर येऊन बसतं. एकदा बसलं की इमारती पाडून नव्या बांधता येतात, पण जमिनीवरच्या मूळ रेघा हलवणं जवळजवळ अशक्य होऊन जातं. शेताचं शहर होतानाची ती मोजकी वर्षं म्हणूनच इतकी मोलाची आहेत. पुढच्या दोनशे वर्षांचं शहर तेव्हा ठरत असतं.

तेहतीस फुटांची साखळी

या रेघा आल्या कुठून? त्यासाठी पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यात जावं लागतं. पेशवाई संपल्यानंतर कंपनी सरकारने इथे जमीन महसूल ठरवायचा एक प्रयत्न केला, पण आकारणी इतकी जड झाली की शेतकरी जमिनी सोडून गेले. मग १८३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विन्गेट या दोन अधिकाऱ्यांनी इंदापुरात नव्या पद्धतीने काम सुरू केलं. प्रत्येक शेत मोजायचं, त्याला नंबर द्यायचा, नकाशावर काढायचं, मातीची प्रत ठरवायची आणि त्यावरून सारा लावायचा. ही पद्धत पुढे सगळ्या मुंबई इलाख्यात पसरली. 'सर्व्हे नंबर' म्हणून आपण जो ओळखतो, तो या मोजणीतून घरोघरी आला.

एक नंबर म्हणजे किती मोठं शेत, याचं उत्तर फार सुंदर आहे. एका बैलजोडीला कसता येईल एवढं. माती हलकी असेल तर नांगर सहज चालतो, म्हणून तिथले नंबर मोठे. भारी काळ्या जमिनीत बैलांचा दम लागतो, म्हणून तिथले लहान. भातखाचरं आणखी लहान. आज एखादा बिल्डर 'इथे सलग बारा एकर मिळतायत' म्हणतो, तेव्हा त्या बारा एकरांची कड एकोणिसाव्या शतकातल्या बैलांच्या ताकदीने आखलेली असू शकते.

मोजणीची साखळी तेहतीस फुटांची होती आणि तिचे सोळा आणे असत. ती साखळी दोन्ही बाजूंना लावली की होतो एक गुंठा: ३३ गुणिले ३३, म्हणजे १,०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर. आता हे तेहतीस फूट कुठले? इंग्लंडमधल्या एडमंड गुंटर नावाच्या गणितज्ञाने १६२० च्या सुमारास ६६ फुटांची, शंभर कड्यांची साखळी रूढ केली. दहा चौरस साखळ्या म्हणजे बरोबर एक एकर, असा तिचा सोयीचा हिशेब होता. आपली साखळी तिच्या निम्मी. क्रिकेटची खेळपट्टी बावीस यार्ड, म्हणजे ६६ फूट असते, तीही याच मापाची. गुंठ्याची बाजू आणि खेळपट्टीची अर्धी लांबी ही एकच आहे, आणि आज तळेगाव ते वाघोली जमिनीचा प्रत्येक व्यवहार अजून याच मापात बोलला जातो.

जुना गाव नकाशा पाहिला तर साखळी रस्त्यांतही दिसते. एका तुटक रेघेने दाखवलेली पायवाट सव्वाआठ फुटांची धरतात, म्हणजे साखळीचा चौथा हिस्सा. दुहेरी तुटक रेघेने दाखवलेली गाडीवाट साडेसोळा फुटांपासून पुढे, म्हणजे निम्मी साखळी. एक बैलगाडी जाईल आणि समोरून दुसरी आली तर थोडं बाजूला घेता येईल, एवढीच ती रुंदी. ही वाट शेतातून तिरकी जात नाही, कारण कुणी आपल्या पिकातून गाड्या जाऊ देत नाही. ती बांधाबांधाने जाते. बांध वळला की वाटही काटकोनात वळते. उपनगरातला एखादा रस्ता सरळ जाता जाता एकदम डावीकडे, मग लगेच उजवीकडे का वळतो आणि तिथे रोज संध्याकाळी वाहनं का तुंबतात, याचं कारण पुष्कळदा असंच कुणाच्या तरी बांधाच्या कोपऱ्यात असतं.

पत्त्यात साठलेले थर

सगळेच पत्ते सर्व्हे नंबरचे नसतात, आणि तो फरकही बोलका असतो. वाघोलीकडे गेलात तर 'गट नं.' दिसेल. १९४७ मध्ये तुकडेजोड-तुकडेबंदीचा कायदा आला. वाटण्या होऊन शेतांचे फार बारीक तुकडे झाले होते. एकाच शेतकऱ्याचे गावभर विखुरलेले तुकडे अदलाबदलीने एकत्र करून नवे गट पाडावेत, अशी कल्पना होती. ज्या गावांत हे काम झालं तिथे गट नंबर आले. म्हणजे पत्त्यात 'गट' दिसला की समजावं, ही जमीन शहर होण्याआधी एकदा शेती म्हणूनच नव्याने आखली गेली होती.

शहराच्या जुन्या भागात 'सि.स.नं.' असतो, तो नगर भूमापनाचा नंबर. आणि शिवाजीनगर, एरंडवणे या भागांत 'एफ. पी. नं.' दिसतो. एफ. पी. म्हणजे अंतिम भूखंड. हा सर्वांत रंजक आहे, कारण तो सांगतो की शिवाजीनगर जेव्हा भांबुर्डे नावाचं गाव होतं, तेव्हा इथल्या शेतांच्या वेड्यावाकड्या कडा बसून, विचार करून, सरळ केल्या गेल्या. ते कसं केलं, याकडे पुढे येतोच.

माती, मुरूम, कातळ

आता जमिनीच्या खाली उतरू. शहराच्या कडेला नव्या इमारतीचा पाया खणायला घेतात, तेव्हा त्या खड्ड्याच्या भिंतीत महाराष्ट्राचा सगळा भूतकाळ उभा कापलेला दिसतो. वर काळी माती, तिच्याखाली तांबूस-पिवळट मुरूम, आणि त्याखाली काळा कातळ. तिन्ही एकच आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे थरावर थर असा लाव्हा वाहिला आणि त्याचा बेसॉल्ट झाला. ऊन, पाऊस आणि मुळं यांनी तो कुजत गेला तसा त्याचा मुरूम झाला, आणि मुरूम आणखी बारीक होत होत त्याची माती झाली. इंचभर माती व्हायला शेकडो वर्षं लागतात. जेसीबी ती एका दिवसात बाजूला काढतो.

ही काळी माती शेतकऱ्याला जितकी लाडकी, तितकीच बांधणाऱ्याला अवघड. तिच्यातल्या चिकणमातीचे कण पातळ पापुद्र्यांचे बनलेले असतात आणि पाणी या पापुद्र्यांच्या मधे शिरतं. पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कपाशीला आणि ज्वारीला हाच गुण उपयोगी पडतो, कारण पाऊस थांबल्यावरही माती महिनोन्महिने ओल धरून ठेवते. पण तिच्यावर हलकं, एकमजली घर बांधलं तर दर वर्षी जमीन त्याला उचलते आणि खाली ठेवते, आणि भिंती तडकतात. यावर एक देखणा उपाय आहे. पायाचा खांब ओलीचा चढउतार जिथे पोचत नाही तिथपर्यंत, साधारण साडेतीन मीटर किंवा त्याहून खोल, न्यायचा आणि तळाशी त्याला कांद्याएवढा नव्हे, चांगला घागरीएवढा फुगवटा द्यायचा. माती वर उचलू लागली तरी हा फुगवटा खांबाला धरून ठेवतो. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने हे खांब आपल्या देशात रुळवले. मोठ्या इमारती मात्र माती आणि मुरूम दोन्ही ओलांडून थेट कातळावरच बसवतात.

आणि कातळ म्हणजे नुसता दगड नाही. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि पोकळ्या राहिल्या. लाखो वर्षं त्या पोकळ्यांत खनिजं मिसळलेलं पाणी झिरपत राहिलं आणि आत स्फटिक वाढले. पुण्याच्या आसपासच्या दगडखाणींतले हे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत आहेत. त्यांतला सर्वांत विलक्षण वाघोलीचा कॅव्हान्साइट. पांढऱ्या स्फटिकांच्या गादीवर उमललेले गडद निळे झुबके. हे खनिज आधी अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये सापडलं होतं, पण त्याचे जगातले सर्वोत्तम नमुने वाघोलीचे मानले जातात. आणि ते सापडले कसे? शहराच्या कडेला इमारती वाढल्या, त्यांना खडी हवी होती, खडीसाठी खाणी खणल्या आणि खाणीत हा निळा रंग निघाला. वाढणाऱ्या शहरानेच जमिनीच्या पोटातलं हे धन उघडं केलं.

एका गुंठ्यावरचा पाऊस

आता पाण्याचा हिशेब. एक गुंठा म्हणजे साधारण १०१ चौरस मीटर. त्यावर दहा मिलिमीटर पाऊस पडला की होतात सुमारे एक हजार लिटर. हिशेब इतका सोपा आहे की कुणालाही तोंडी करता येतो. पुण्यात वर्षाला साधारण सातशे मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे एका गुंठ्यावर सत्तर हजार लिटर, आणि एका एकरावर अठ्ठावीस लाख लिटर.

हा पाऊस शेतात पडतो तेव्हा बराचसा तिथेच जिरतो. ढेकळांत अडतो, बांधाला तुंबतो, मुरमात उतरतो, कातळाच्या भेगांत साठतो आणि पुढे विहिरीला लागतो. उरलेला सावकाश ओढ्याला मिळतो. त्याच जमिनीवर स्लॅब, पेव्हर ब्लॉक आणि डांबर आलं की दहातले आठ-नऊ भाग लगेच वाहू लागतात. पाऊस तेवढाच असतो, पण ओढ्याला येणारं पाणी कितीतरी वाढतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ते एकदम येतं. शेतातून जे पाणी काही तासांत, काही दिवसांत झिरपत आलं असतं, ते गच्चीवरच्या पाइपातून काही मिनिटांत येतं. ओढ्याचं पात्र मात्र जुन्याच हिशेबाचं असतं, आणि पुष्कळदा तेही भराव टाकून अर्धं केलेलं असतं.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्याच्या दक्षिणेला मुसळधार पाऊस झाला आणि आंबिल ओढा कोपला. भिंती कोसळल्या, गाड्या वाहून गेल्या, वीसहून अधिक माणसं दगावली. कात्रजच्या डोंगरातून येणारा हा ओढा एरवी लोकांना नाला वाटतो. त्याचा इतिहास मात्र पुण्याच्या वाढीइतकाच जुना आहे. अठराव्या शतकात तो आताच्या बाजीराव रस्त्याच्या बाजूने, वाढू पाहणाऱ्या शहराच्या मधून वाहायचा. नानासाहेब पेशव्यांच्या काळात त्याचा प्रवाह पश्चिमेकडे वळवला गेला, पर्वतीच्या पायथ्याशी तळं झालं, आणि कात्रजच्या तलावांतून बांधीव नळाने शहरात पाणी आलं. ओढ्याची जुनी वाट मोकळी झाली आणि तिथे पेठा वसल्या. तळंही पुढे आटलं आणि तिथे सारसबाग आली. पण तिथल्या गणपतीला पुणेकर अजून तळ्यातला गणपती म्हणतात.

म्हणजे आज ज्यांना आपण अस्सल जुनं पुणं म्हणतो, त्या सदाशिव, नारायण पेठाही एके काळी शहराची कडच होत्या. पेशवाईत नवी पेठ वसवायची तर शेटे-महाजन नेमत, त्यांना कौल देत, येणाऱ्या व्यापाऱ्या-कारागिरांना काही वर्षं करात सवलत देत, आणि मोकळ्या जमिनीवर रस्ते आखून घरांच्या जागा वाटत. मोकळ्या जमिनीवर शहर वसवायचं तंत्र आपल्याकडे नवं नाही. तेव्हाच्या कारभाऱ्यांनी आधी पाण्याचा विचार केला, मग पेठेचा.

ओढ्याची नोंद कुठे हरवली आहे असंही नाही. सातबाऱ्यावर 'पोटखराबा' असा रकाना असतो. त्यात दोन वर्ग आहेत. पहिला, खडकाळ वगैरे असल्यामुळे पिकाला निरुपयोगी. दुसरा, 'ब' वर्ग, म्हणजे रस्ता, ओढा, तळं अशा सार्वजनिक कामासाठी राखलेली जमीन, जिच्यावर सारा लावत नाहीत. शेताच्या मधून ओढा जात असेल तर कागदावर तेवढी जमीन शेताबाहेर धरलेली असते. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या मोजणीदाराने ओढ्याची जागा सोडली होती. ती आपणच नंतर खाल्ली.

शेताचं शहर होण्याच्या चार वाटा

शहर कडेला येऊन पोचलं की शेताचं पुढे काय होतं? आपल्याकडे याच्या ठळक चार वाटा दिसतात, आणि चारींतून चार वेगळी शहरं जन्माला येतात.

पहिली वाट गुंठेवारीची. शेतकऱ्याला मुलीच्या लग्नाला किंवा आईच्या आजारपणाला पैसे हवे असतात. कारखान्यात काम करणाऱ्या एखाद्याला शहरात घर परवडत नाही, पण कडेला एक गुंठा परवडतो. दोघांचीही गरज खरी असते. तुकडेबंदीमुळे एवढा लहान तुकडा रीतसर विकता येत नसे, म्हणून व्यवहार स्टॅम्प पेपरवर होत, किंवा एकाच सातबाऱ्यावर वीस-तीस नावं चढत. रस्ता सोडायचा तर विकणाऱ्याचे गुंठे कमी होतात, म्हणून तो दहा-बारा फुटांचाच राहतो. शाळेला, बागेला, दवाखान्याला जागा सोडण्याची जबाबदारी कुणावरच नसते. अशा वस्त्या इतक्या वाढल्या की त्या नियमित करण्यासाठी राज्याला २००१ मध्ये वेगळा कायदा करावा लागला. कायद्याने घर नियमित होतं. दहा फुटांचा रस्ता मात्र दहाच फुटांचा राहतो आणि अग्निशमनाची गाडी तोंडाशीच अडते.

दुसरी वाट संपादनाची. मुंबईच्या समोर, खाडीपलीकडे नवं शहर वसवावं ही कल्पना १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी मांडली. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली आणि ९५ गावांच्या जमिनींवर नवी मुंबई आखली गेली. सगळी जमीन एका हातात आल्यामुळे रेल्वे, रुंद रस्ते, नोड, उद्यानं हे सगळं आधीच ठरवता आलं. पण ज्यांची भातशेती आणि मिठागरं गेली त्यांच्या हाती पडलेला मोबदला नव्या शहराच्या किमतीपुढे काहीच नव्हता. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण परिसरात मोठं आंदोलन झालं, गोळीबारात पाच जणांचा बळी गेला. त्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन प्रकल्पग्रस्तांना परत देण्याचं तत्त्व मान्य झालं. शहराने वाढलेल्या किमतीवर मूळ मालकाचाही हक्क आहे, हे या आंदोलनाने राज्याला शिकवलं.

तिसरी वाट नगररचना योजनेची, आणि ती मला सर्वांत बुद्धिमान वाटते. तिचा कायदा मुंबई इलाख्यात १९१५ मध्येच झाला होता. ती अशी चालते: समजा, शंभर शेतकऱ्यांच्या वाकड्यातिकड्या आकाराच्या शंभर जमिनी आहेत. बऱ्याच जमिनींना रस्ताच नाही. नियोजनकार कागदावर सगळे बांध क्षणभर पुसतो. मग आधी रस्ते काढतो, ओढ्याची जागा सोडतो, शाळा, मैदान, बाजार यांच्या जागा राखतो. उरलेल्या जमिनीचे नीट चौकोनी भूखंड पाडून ते ज्याचे त्याला, शक्यतो मूळ जागेजवळच, परत देतो. ज्याची चाळीस गुंठे जमीन होती त्याला समजा चोवीस गुंठे मिळतात. सोळा गुंठे सार्वजनिक कामांना जातात. पण पूर्वीचे चाळीस गुंठे बैलगाडीच्या वाटेवर होते, आताचे चोवीस रुंद रस्त्यावर असतात आणि त्यांची किंमत कितीतरी जास्त असते. त्या वाढीव किमतीतला काही भाग सरकार घेतं आणि त्यातून रस्ते, गटारं होतात. कुणी विस्थापित होत नाही, मालक मालकच राहतो, आणि गावाला शहरासारखा सांगाडा मिळतो. एरंडवण्यातले अंतिम भूखंड अशा योजनेतलेच.

ही युक्ती जन्मली मुंबई इलाख्यात, पण तिचा खरा सराव गुजरातने चालू ठेवला. अहमदाबादभोवतीचा ७६ किलोमीटरचा वर्तुळाकार रस्ता अशाच योजनांच्या जमिनीतून मोकळा झाला. महाराष्ट्राने ती बरीच वर्षं बाजूला ठेवली होती. अलीकडे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने माण-म्हाळुंगेसारख्या ठिकाणी ती पुन्हा हाती घेतली.

चौथी वाट हडपसरच्या शेतकऱ्यांनी स्वतः शोधली. मगरपट्ट्याची जमीन पुण्याच्या विकास आराखड्यात पुढेमागे शहरी होणार म्हणून दाखवली गेली होती. म्हणजे संपादन तरी होणार, नाहीतर तुकड्यातुकड्याने विक्री तरी. सतीश मगर यांच्या पुढाकाराने सुमारे सव्वाशे कुटुंबं एकत्र आली, त्यांतली बहुतेक एकाच आडनावाची. चारशेहून अधिक एकर जमीन त्यांनी विकली नाही. एक कंपनी काढली आणि ज्याची जितकी जमीन तितका त्याचा वाटा ठरवला. २००० साली काम सुरू झालं. घरं, शाळा, रुग्णालय, संगणक कंपन्यांची कार्यालयं, सगळं एका आराखड्यात बसलं. ऊस पिकवणाऱ्या घरांतली मुलं कंत्राटदार झाली, व्यवसायात उतरली. पुढे सिंहगड रस्त्यावरच्या नांदेडच्या शेतकऱ्यांनीही याच वाटेने सुमारे सातशे एकरांचं नगर उभारलं. हे सगळीकडे जमेल असं नाही, कारण सव्वाशे घरांनी एकमेकांवर विश्वास ठेवणं ही सिमेंटपेक्षा दुर्मीळ गोष्ट आहे. पण ते होऊ शकतं, एवढं त्यांनी दाखवून दिलं.

पहिली रेघ

या चारही वाटांतून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. शहराचं भाग्य इमारतींत नसतं, इमारतीआधीच्या रेघांत असतं. १८९६ ला मुंबईत प्लेग आला आणि १८९८ मध्ये मुंबई सुधार विश्वस्त मंडळ स्थापन झालं. त्या मंडळाने तेव्हाच्या शहराच्या उत्तर कडेला, दादर-माटुंग्याच्या भातशेतीच्या आणि दलदलीच्या जमिनीवर आधी रस्ते आखले, झाडांना जागा ठेवली, बागा सोडल्या. घरं नंतर आली. त्यातल्या कित्येक इमारती आज पाडून तिथे मनोरे उभे राहत आहेत. रस्ते मात्र जिथे आखले तिथेच आहेत आणि तेव्हा सोडलेल्या तिथल्या पाच उद्यानांत आजही मुलं खेळतात. मोकळ्या जमिनीवर त्या माणसांनी मारलेल्या रेघांची फळं सव्वाशे वर्षांनंतरची पिढी खाते आहे. उलट जिथे दहा फुटांची वाट पडली, तिथे पन्नास वर्षांनंतरही महापालिकेला एकेक भिंत मागे सरकवण्यासाठी कोर्टात जावं लागतं.

पुणे महापालिकेत २०१७ मध्ये अकरा आणि २०२१ मध्ये आणखी तेवीस गावं आली. नाशिक, छत्रपती संभाजीनगर, नागपूर, कोल्हापूर, सगळीकडे शहराची कड रोज एका नव्या शेतात शिरते आहे. त्या शेतांत आज जी रेघ पडेल ती आपल्या पणतवंडांनाही पुसता येणार नाही.

म्हणून तुमच्या गावाचा किंवा उपनगराचा प्रारूप आराखडा जाहीर होईल तेव्हा तो बघायला जरूर जा. कायद्याने त्यावर हरकती आणि सूचना मागवाव्याच लागतात, आणि त्या देण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे. जाण्याआधी 'महाभूनकाशा' या सरकारी संकेतस्थळावर आपला सर्व्हे किंवा गट नंबर शोधा आणि शेजारी जुना गाव नकाशा ठेवा. मग तीनच गोष्टी तपासा. ओढा जुन्या नकाशात जेवढा आहे तेवढाच नव्यात आहे का? रस्ता पुढच्या वस्तीला जोडतो, की कुणाच्या बांधाशी संपतो? आणि मुलांना खेळायला, म्हाताऱ्यांना बसायला मोकळी जागा सोडली आहे का? तिन्हींपैकी एकाही बाबतीत उणीव दिसली तर हरकत लिहून द्या, पोच घ्या आणि सुनावणीला हजर राहा. इमारत चुकली तर ती पुढे केव्हाही पाडता येते. ही रेघ मात्र एकदाच मारायला मिळते.